पेटीसाठी पेटी

(अभ्यासपाठ. वाचन : २ राजे १२:४-१६; २ इतिहास २४:४-१४; निर्गम २२:१४-१५; अनुवाद २४:६; लूक १४:२८-३०)

मराठीत ‘पेटी’ या एकाच शब्दाने आपण दोन वस्तू ओळखतो. एक दान टाकण्याची आणि दुसरी भजनाला सूर देणारी. प्रस्तुत पाठात या दोन्ही पेट्यांचा एकत्र विचार करावयाचा आहे. कारण दिल्लीतील आमच्या लहानशा मराठी मंडळीत काही वर्षांपूर्वी त्या दोहोंचा संबंध अचानक आला आणि त्यावरून बरेच दिवस मने दुखावलेली राहिली.

आमच्या मंडळीची घडण आधी सांगितली पाहिजे. सरकारी कचेऱ्या, सैन्यदल, रुग्णालये आणि अलीकडे नोएडा व गुरुग्राम येथील कंपन्या यांत नोकरी करणारी ही कुटुंबे. स्वतःचे मंदिर नाही. दुसऱ्या एका मंडळीच्या मंदिरात त्यांची उपासना आटोपल्यावर आम्ही दुपारी जमतो. कोणी तीन वर्षे राहतो, कोणी पाच, आणि बदलीचा हुकूम आला की सामान बांधतो. अशाच एका कुटुंबाने अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) रेल्वेने आणलेली हार्मोनियम मागे ठेवली होती. पावसाळ्यातील दमटपणाने तिचे दोन स्वर अडकू लागले, तेव्हा तरुणांनी प्रस्ताव मांडला : कीबोर्ड, लहान मिक्सर, दोन स्पीकर आणि तीन मायक्रोफोन घ्यावेत. चावडी बाजार मेट्रो स्थानकावर उतरून, नई सडक आणि दर्यागंज येथील दुकाने पालथी घालून त्यांनी आकडा आणला होता एक लाख वीस हजार रुपयांचा. मंडळीच्या खात्यात त्याचा दहावा भागही नव्हता. तेव्हा खजिनदार म्हणाले, “मी माझ्या नावावर कर्ज काढतो. हप्ते आपण सगळे मिळून भरू.”

सभेत टाळ्या पडल्या. एका आजींनी मात्र विचारले, “आणि तुझी बदली झाली तर, बाबा?”

यावर जो वाद झाला तो दुर्दैवाने भलत्याच दिशेला गेला. वडीलधाऱ्यांपैकी काहींनी कीबोर्डलाच विरोध केला : ते परकी वाद्य, आपल्या भजनांना पेटी-तबलाच शोभतो. हा युक्तिवाद टिकणारा नाही. जिला आपण आपली म्हणतो ती पेटीही परदेशातूनच आली. मिशनरींच्या पायाने भाता चालवायच्या वाद्याला कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये मांडी घालून, एका हाताने भाता चालवून वाजविता येईल असे रूप दिले. पुढे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून वर्ज्य ठेवले होते, आणि तो निर्णय याच दिल्लीत झाला होता. त्या एकतीस वर्षांत आपल्या मंदिरांतली पेटी काही बंद पडली नाही. म्हणून वाद्य कोणते हा प्रश्न बाजूस ठेवू. पैसा कोणत्या वाटेने येणार, एवढाच आपला प्रश्न आहे.

आता २ राजे १२ वा अध्याय उघडा. योवाश राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले, तरी परमेश्वराच्या मंदिराची मोडतोड तशीच होती. पैसा येत नव्हता असे नाही. तो याजकांच्या हाती येई आणि दुरुस्ती होत नसे. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेविली. पेटीत बराच पैसा साठला की राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे येत, पैसा मोजून थैल्यांत भरीत आणि देखरेख करणाऱ्यांच्या हवाली करीत. तेथून तो सुतार, गवंडी, पाथरवट यांच्याकडे आणि लाकूड व दगड यांच्या खरेदीकडे जाई.

या वृत्तांतातील तेरावे वचन आपण बहुधा घाईने वाचून पुढे जातो. तेथे लेखक मुद्दाम नोंदवितो की त्या पैशातून चांदीची पात्रे, कातरी, कटोरे किंवा कर्णे केले गेले नाहीत. कर्णे म्हणजे उपासनेचे वाद्यच. कर्णे वाईट होते म्हणून नव्हे. भिंती पडल्या होत्या म्हणून. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकातील चोविसावा अध्याय हीच हकीकत सांगताना पेटी दाराबाहेर ठेवल्याचे म्हणतो आणि चौदाव्या वचनात एक भर घालतो : दुरुस्ती पुरी झाल्यावर उरलेला पैसा राजापुढे व यहोयादापुढे आणण्यात आला आणि त्याची मंदिरासाठी सोन्यारुप्याची पात्रे झाली. दोन वृत्तांत एकमेकांविरुद्ध आहेत असे काही अभ्यासकांना वाटते. मला त्यात क्रम दिसतो. आधी भिंत, मग पात्र. आणखी एक गोष्ट : पंधराव्या वचनात कामावरील माणसांकडून हिशेब मागत नसत असे आहे, आणि आपल्याकडील काही खजिनदारांना ते वचन फार प्रिय असते. त्यांनी दहावे वचनही वाचावे. पेटी उघडताना तेथे दोन माणसे होती.

मग कर्ज काढणे पाप आहे काय? पवित्र शास्त्र असे कोठेही म्हणत नाही. गरजवंताला उसने द्या अशी आज्ञा अनुवाद १५ मध्ये आहे आणि प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनातही आहे. देण्याची आज्ञा असेल तर घेणारा अपराधी कसा? नीतिसूत्रे २२:७ केवळ वस्तुस्थिती सांगते की घेणारा देणाऱ्याच्या ताब्यात जातो. नहेम्या ५ मध्ये धान्यासाठी व राजाच्या करासाठी शेते गहाण टाकणाऱ्यांवर नहेम्या रागावत नाही, त्यांना नाडणाऱ्यांवर रागावतो. पोटासाठी काढलेले कर्ज आणि हौसेसाठी काढलेले कर्ज यांत फरक आहे. उपासनेसाठी काढलेले कर्ज या दोहोंत कोठे बसते हे प्रत्येक मंडळीने प्रामाणिकपणे ठरवावे.

लूक १४ मधील बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज करतो. आपणही बसू. एक लाख वीस हजारांचे कर्ज, मुदत दोन वर्षे, व्याज ‘सरळ बारा टक्के’. दोन वर्षांचे व्याज अठ्ठावीस हजार आठशे. एकूण फेड एक लाख अठ्ठेचाळीस हजार आठशे. महिन्याचा हप्ता सहा हजार दोनशे. येथे पुष्कळांची फसगत होते. प्रत्येक हप्त्यागणिक मुद्दल कमी होत जाते, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पहिल्या पूर्ण रकमेवर आकारलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. उलट तेच सहा हजार दोनशे रुपये दरमहा बाजूला ठेवले, तर विसाव्या महिन्यात एक लाख चोवीस हजार हाती येतात; बँकेच्या आवर्ती ठेवीत ठेवले तर वर थोडे व्याजही मिळते. म्हणजे कर्ज घेणारा वाद्य वीस महिने आधी घरी आणतो, पण विसाव्या महिन्यानंतर त्याला आणखी चार हप्ते भरायचे असतात. या वीस महिन्यांची किंमत अठ्ठावीस हजार आठशे. ती द्यावी की नाही, हे ठरविण्याआधी ती माहीत तरी असावी.

दुकानदार ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणतो तेव्हा एकच प्रश्न विचारावा : रोख दिले तर कितीला द्याल? एक लाख वीस हजारांची वस्तू रोखीने एक लाख दहा हजारांना मिळत असेल, तर दहा हजारांचे बारा ‘बिनव्याजी’ हप्ते म्हणजे वर्षाला साडेसोळा टक्क्यांच्या आसपासचे व्याजच होय. शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नसते, अशा आशयाची समज रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ रोजी बँकांना दिली होती. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी बँकांनी व वित्तसंस्थांनी सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखविणारे विवरणपत्र, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, दिले पाहिजे. ते मागून घ्यावे आणि सही करण्यापूर्वी घरी आणून वाचावे.

दिल्लीत आणखी एक वाट आहे. आपल्याकडील भिशीला येथे ‘कमिटी’ म्हणतात. दहा-वीस जण दरमहा ठराविक रक्कम जमवतात आणि ज्याला निकड असेल तो बोली लावून, आपल्या वाट्यातून काही सोडून, सारी रक्कम उचलतो. सोडलेली रक्कम हेच त्याचे व्याज. १९८२ च्या चिट फंड कायद्याप्रमाणे अशा योजनांची नोंदणी व्हावी लागते. गल्लीतल्या कमिट्यांची ती बहुधा नसते आणि चालविणारा नाहीसा झाला तर दाद मागणे अवघड जाते. मंडळीचा पैसा तेथे गुंतवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वादन हाच ज्याचा व्यवसाय, त्याचा विचार मात्र वेगळा करावा लागेल. आमच्या परिचयातील एक तरुण लग्नसमारंभांत कीबोर्ड वाजवून घर चालवीत असे. त्याने चांगले वाद्य हप्त्यांवर घेतले आणि पहिल्याच हंगामात त्याचे उत्पन्न वाढले. त्याचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, लग्ने थांबली. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते लांबणीवर टाकण्याची सवलत दिली, परंतु सवलतीच्या काळातही व्याज चालूच होते. शेवटी त्याने वाद्य निम्म्याहून कमी किमतीला विकले आणि उरलेले हप्ते वाद्याविना फेडले. अनुवाद २४:६ मध्ये जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये असे नियमशास्त्र सांगते, कारण ते माणसाचे जीवनच गहाण घेणे होय. वादकाचे जाते म्हणजे त्याचे वाद्य. अशा माणसाने कर्ज काढावे, पण चार-सहा महिन्यांचे हप्ते आधी गाठीशी बांधूनच. शिवाय हेही ध्यानात असावे की मिरजेचा तंबोरा, ज्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, नीट जपला तर पुढच्या पिढीच्याही हाती सुरेल राहतो. विजेवरच्या वाद्याची किंमत मात्र खोक्यातून बाहेर काढताच उतरू लागते. कर्जाची मुदत वाद्याच्या आयुष्याहून लांब असू नये.

पैसा उसना न घेता वाद्यच उसने घेतले तर? २ राजे ६ मध्ये यार्देनेत कुऱ्हाडीचे पाते पडताच संदेष्ट्याचा शिष्य कळवळतो तो एवढ्याचसाठी की ते मागून आणलेले होते. निर्गम २२:१४-१५ चा नियम याबाबतीत फार व्यवहारी आहे. मागून आणलेले जनावर धन्याच्या गैरहजेरीत मेले किंवा जखमी झाले तर भरपाई द्यावी. धनी बरोबर असेल तर देऊ नये. भाड्याने आणलेले असेल तर भाड्यातच ते आले. नाताळासाठी शेजारच्या मंडळीचा कीबोर्ड आणायचा असेल तर त्यांच्या वादकालाही सन्मानाने बोलवावे. वाद्य सुखरूप राहते आणि वादनही बरे होते. वर्षातून तीन-चारदाच मोठा ध्वनिसंच लागत असेल, तर भाडे देणे हाच शहाणपणा.

आमच्या मंडळीत पुढे काय झाले ते सांगतो. आजींच्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हते. मंडळी बदलीवर जाणाऱ्यांची; मत देणारे जाणार आणि सही करणारा एकटा राहणार, किंवा तो जाणार आणि कर्ज त्याच्या मागोमाग जाणार. नीतिसूत्रे २२:२६-२७ मध्ये जामीन राहणाऱ्याचे अंथरूणही जाते. खजिनदारांच्या पत्नी त्या सभेत काही बोलल्या नाहीत. पण मुलीच्या महाविद्यालयाची फी त्याच वर्षी सुरू होणार होती, हे आम्हांला नंतर समजले. आम्ही टाळ्या वाजविल्या होत्या याची मला आजही लाज वाटते.

प्रस्ताव मागे घेतला गेला. एका सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली, कुलपाच्या दोन किल्ल्या दोघांकडे दिल्या आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्वांसमक्ष मोजणी होऊ लागली. हार्मोनियम दुरुस्त करून आणली. खर्च अडीच हजारांच्या आतच झाला. ज्या मंदिरात आम्ही जमतो तेथील वायरिंग तपासणाऱ्या विजेच्या कारागिराने सांगितले की अर्थिंग धड नाही, या जोडणीवर अँप्लिफायर लावू नका. मंदिर आमचे नव्हते. तरीही पेटीतले पहिले अठरा हजार त्याच कामाला गेले. तरुण थोडे हिरमुसले, पण त्यांच्यातीलच एकाने २ राजे १२:१३ वाचून दाखविले.

चौदाव्या महिन्यात खजिनदारांची बदली नागपूरला झाली. निरोपाच्या उपासनेनंतर त्यांनी आपली किल्ली आणि हिशेबाची वही नव्या खजिनदारांच्या हाती दिली. त्या दिवशी पेटीत एकसष्ट हजार चारशे रुपये होते. कीबोर्ड पुढच्या नाताळाला आला, स्पीकर त्यानंतरच्या पुनरुत्थानाच्या सणाला. आणि मिक्सर अजून घ्यावयाचा आहे.