कोकम तेलाचं मलम: उललेल्या टाचांसाठी आणि कोरड्या केसांसाठी

कापूस वेचाईचे दिवस आले की बाभुळगावच्या शिवारात पहाटेच्या थंडीनं टाचा उलतात, पऱ्हाटीच्या वाळक्या बोंडांची टोकं बोटं ओरखडतात आणि धुळीनं केस झाडूसारखे राठ होतात. चला, आज घरीच दोन डब्या करू: एक केसांची, एक हातापायांची. तासाभराचं काम आहे. फक्त क्रम मोडू नका, आधी केसांची डबी आणि मगच हातापायांची.

सामान

- कोकम तेल 40 ग्रॅम. नाव तेल असलं तरी ते घट्ट असतं आणि पांढुरक्या-पिवळसर गोळ्यांच्या रूपात मिळतं. कोकणात यालाच भिरंडेल किंवा मुठेल म्हणतात. काष्ठौषधींच्या दुकानात विचारा.
- खोबरेल तेल 40 ग्रॅम
- तिळाचं तेल 30 ग्रॅम
- टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल 30 ग्रॅम. मोहाची झाडं असलेल्या गावांत ओळखीनं मिळतं. नाहीच मिळालं तर तिळाचं तेल 60 ग्रॅम घ्या.
- मधमाशांचं मेण 10 ग्रॅम. मेणबत्तीचं मेण चालणार नाही.
- छोटा वजनकाटा, रुंद गंज, स्टीलच्या दोन वाट्या, किसणी, सांडशी, दोन चमचे, परात आणि घट्ट झाकणाच्या दोन डब्या

तयारी

1. प्रत्येक जिन्नस हुंगून बघा. खवट वास आला तर वापरू नका, तापवून खवटपणा जात नाही.

2. वाट्या, चमचे आणि डब्या धुऊन उन्हात कडक वाळवा. पाण्याचा थेंब राहिला तर मलमाला पुढं बुरशी धरते.

3. कोकमाचा गोळा किसून घ्या. हात भराभर चालवा. मुठीच्या उबेनं गोळा बाहेरून मऊ होतो आणि कीस बोटांना चिकटायला लागतो.

4. किसाचे दोन भाग तोलून ठेवा: 10 ग्रॅम केसांसाठी, 30 ग्रॅम हातापायांसाठी. चमच्यानं मापू नका, कीस फुगलेला असतो आणि अंदाज चुकतो.

5. मेण सुरीनं बारीक कातरून घ्या. किसणीवर घेऊ नका, चिकटलेलं मेण निघता निघत नाही.

आधी केसांची डबी

6. गंजाच्या तळाशी फडक्याची घडी घाला, म्हणजे वाटी हलणार नाही.

7. गंजात दोन बोटं पाणी ओता. वाटी तरंगायला लागली तर पाणी कमी करा.

8. गंज मंद आचेवर ठेवा. वाफ दिसली की पुरे, खळखळ उकळी आली तर थेंब वाटीत उडतात.

9. पहिल्या वाटीत 10 ग्रॅम कोकमाचा कीस घालून वाटी गंजात ठेवा. वाटी थेट आचेवर ठेवू नका, जळका वास लागतो.

10. कीस वितळून काचेसारखा स्वच्छ झाला की खोबरेल घाला. त्याआधी घातलंत तर न वितळलेल्या गुठळ्या दिसत नाहीत.

11. चमच्यानं सावकाश ढवळून एकजीव करा. जोरात फेटू नका, बुडबुडे राहतात.

12. वाटी सांडशीनं उचलून बाहेर काढा आणि तिचं बूड लगेच पुसा. नाहीतर ओतताना तेच पाणी डबीत पडतं.

13. तेल पहिल्या डबीत ओता. झाकण मात्र अजून लावू नका.

मग हातापायांची डबी

14. दुसऱ्या, कोरड्या वाटीत फक्त मेण घालून गंजात ठेवा. मेणाला वितळायला सगळ्यात जास्त उष्णता लागते, म्हणून ते एकटंच आधी.

15. मेण पूर्ण पातळ झालं की 30 ग्रॅम कोकमाचा कीस घाला. क्षणभर मेण गोठल्यासारखं दिसेल. घाबरू नका, आच वाढवू नका.

16. सगळं परत पातळ झालं की तिळाचं आणि टोळीचं तेल बारीक धारेनं घाला. एकदम ओतलंत तर मेणाचे कण धरतात.

17. कण दिसेनासे होईपर्यंत ढवळा. एकही कण राहिला तर तो पुढं कातडीला टोचतो.

18. माठाच्या पाण्यात गार केलेला चमचा पुसून त्यावर एक थेंब टाका आणि दोन मिनिटं थांबा. बोटानं दाबलं की थेंब साजूक तुपासारखा घसरला पाहिजे. कडक वाटला तर चमचाभर तीळतेल वाढवा, पाण्यासारखा पळाला तर चिमूटभर मेण.

19. वाटी बाहेर काढा, बूड पुसा. गॅस आत्ताच बंद करा, तेलाच्या हातांनी मागाहून नको.

20. मलम दुसऱ्या डबीत ओता. काठापासून बोटभर जागा सोडा.

21. परातीत गार पाणी घेऊन दोन्ही डब्या त्यात ठेवा. हळूहळू गार होऊ दिलंत तर मलम रवाळ होतं.

22. पूर्ण गार झाल्यावरच झाकणं लावा. गरम असताना लावलीत तर आत वाफेचे थेंब जमतात.

23. डब्यांवर नाव आणि तारीख चिकटवा. गोठल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात आणि मेणाचं मलम केसांत गेलं तर सहजी निघत नाही.

24. वाट्या कोमट असतानाच जुन्या कागदानं पुसा. गरम पाण्यानं मोरीत सोडू नका, पुढं जाऊन गोठतं आणि मोरी तुंबते.

टाचांना आणि हातांना लावताना

25. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून 24 तास बघा. खाज किंवा लाली आली तर वापरू नका.

26. रात्री निजण्याआधी पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. कढत पाणी नको, कातडी आणखी कोरडी पडते.

27. ओल्या टाचांवर वज्री हलक्या हातानं फिरवा. कोरड्या टाचा खरवडू नका आणि रक्त येणाऱ्या भेगेला वज्री लावूच नका.

28. पाय टिपून घ्या. किंचित ओल राहू द्या, मलम तीच ओल धरून ठेवतं.

29. हरभऱ्याच्या दाण्याएवढं मलम तळव्यांत चोळा, ते वितळेल. जास्त घेतलंत तर जिरत नाही, अंथरुणाला लागतं.

30. अंगठ्यानं भेगेच्या दिशेनं दाबत लावा. आडवं ओढू नका, भेग उघडते.

31. सुती मोजे चढवून झोपा. मोज्यांशिवाय फरशीवर चालू नका, पाय घसरेल.

हातांनाही असंच लावा. बोटांच्या पेरांना आणि नखांच्या कडांना विसरू नका, बोंडं तिथंच टोचतात. भेग पिकली असेल, किंवा मधुमेह असेल आणि भेग भरत नसेल, तर मलमावर विसंबू नका. सरळ दवाखान्यात जा.

केसांना लावताना

32. कोरडे केस विंचरून गुंता काढा. गुंत्यावर लावलंत तर गुंता आणखी बसतो.

33. पहिल्या डबीतलं वाटाण्याएवढं तेल तळव्यांत चोळून पातळ करा. घट्ट गोळा केसांत जाऊ देऊ नका.

34. कानांच्या खालच्या केसांना आणि टोकांनाच लावा. टाळूला नको, केस चिप्प बसतात.

35. तासभर केस बांधून ठेवा. गॅसजवळ किंवा चुलीजवळ जाऊ नका.

36. शांपू थोड्या पाण्यात कालवून केसांना लावा. आधी भरपूर पाणी ओतलंत तर तेल निघत नाही.

37. कोमट पाण्यानं धुवा. गार पाण्यानं कोकम केसांतच गोठतं.

डब्या सावलीत ठेवा आणि नेहमी कोरड्या बोटांनीच मलम घ्या. मे महिन्याच्या उन्हात ते पातळ झालं तर बिघडलं असं समजू नका. गार पाण्यात ठेवा, पुन्हा जमेल. फक्त खवट वास आला की टाकून द्या.

आणि एक करा. मलम तयार झालं की ज्यांचे हात दिवसभर बोंडांत असतात, त्यांना पहिलं बोट घेऊ द्या.