कर्करोगातील रक्ताची गुठळी : नव्या औषधांची कसोटी

कर्करोगाच्या रुग्णाचा एकच पाय एकाएकी सुजला व पोटरी दुखू लागली, तर ती सूज अशक्तपणाची समजून सोडून देता कामा नये. खोल नीलेत रक्ताची गुठळी झालेली असणे संभवते. ती सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनी हा संबंध १८६५ साली मांडला. पुढे स्वतःच्या शरीरात त्यांनी तीच खूण ओळखली, आणि १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगाने ते निवर्तले.

या रुग्णांत गुठळी पुन्हा होण्याची भीती अधिक, आणि गुठळीरोधक औषधाने रक्तस्राव होण्याचीही अधिक. म्हणून नव्या औषधाची परीक्षा दोन्ही अंगांनी घ्यावी लागते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्लॉट’ चाचणीत डाल्टेपॅरिनचे रोजचे इंजेक्शन वॉरफरिनसारख्या जुन्या गोळ्यांशी ताडून पाहण्यात आले. सहा महिन्यांत इंजेक्शन घेणाऱ्या ३३६ पैकी २७, तर गोळ्या घेणाऱ्या ३३६ पैकी ५३ जणांना पुन्हा गुठळी झाली. इंजेक्शन श्रेष्ठ ठरले. मात्र खंगलेल्या माणसाने महिनोन्‌महिने रोज सुई टोचून घेणे म्हणजे काय, हे आकड्यांत उमटत नाही.

म्हणून नव्या गोळ्यांकडे लक्ष वळले. २०१८ मध्ये एडोक्साबॅन व डाल्टेपॅरिन यांची तुलना १,०४६ रुग्णांत झाली. कोणास कोणते औषध, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले होते. औषध कोणते हे रुग्णास व डॉक्टरास ठाऊक असे. परंतु घडलेल्या घटनांचा निवाडा करणाऱ्या समितीपासून ते गुप्त ठेवले होते. गुठळी व मोठा रक्तस्राव मिळून एकच हिशेब मांडला गेला : बारा महिन्यांत गोळीच्या गटात १२.८ टक्के, इंजेक्शनच्या गटात १३.५ टक्के. वरवर पाहता बरोबरीच. पण ही बेरीज फोडून पाहिली पाहिजे. गुठळी पुन्हा होण्याचे प्रमाण ७.९ विरुद्ध ११.३ टक्के, म्हणजे गोळीस अनुकूल. मोठ्या रक्तस्रावाचे ६.९ विरुद्ध ४.० टक्के, म्हणजे प्रतिकूल. हा जादा रक्तस्राव मुख्यतः जठर व आतड्यांच्या कर्करोगाच्या रुग्णांत आढळला. नुसत्या बेरजेवर विसंबणाऱ्यास हा धोका दिसलाच नसता.

अपिक्साबॅन या दुसऱ्या गोळीची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सहा महिन्यांत गुठळीचे प्रमाण गोळीच्या गटात ५.६, तर डाल्टेपॅरिनच्या गटात ७.९ टक्के होते. मोठा रक्तस्राव अनुक्रमे ३.८ व ४.० टक्के. मेंदूतील गाठीचे रुग्ण मात्र या चाचणीत घेतलेच नव्हते. तेव्हा त्यांच्याबाबत या आकड्यांचा आधार घेता येत नाही.