मॅट्रिकच्या पहिल्या तुकडीची शेलापागोटी

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वराच्या पलीकडे, डोंगरांच्या कुशीत हरसूल हे गाव वसलेले आहे. भात, नागली आणि वरई पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचे पाडे भोवताली विखुरलेले आहेत, आणि त्या पाड्यांवरची मुले डोंगरवाटा तुडवीत शाळेत येतात. दहावीची परीक्षा जवळ आली, की अशा गावांतील शाळांतही, शहरांतल्याप्रमाणेच, निरोपाचा दिवस उगवतो. भाषणे होतात, कोणाचा कंठ दाटून येतो. आणि मग डोळे पुसता पुसता सारे हसू लागतात, कारण शेलापागोट्यांची वेळ झालेली असते. एरवी शेला आणि पागोटे देऊन थोरामोठ्यांचा सन्मान करावयाचा. शाळेतील शेलापागोटे मात्र चिठ्ठीवर लिहिलेले असते. उशिरा येणाऱ्याला ‘घड्याळाचा वैरी’ ही पदवी मिळते. जो वर्षभर तोंडातून शब्द काढीत नाही, त्याला ‘मौनीबाबा’ म्हणून गौरविण्यात येते. सारा वर्ग टाळ्या पिटतो, आणि ज्याची थट्टा झाली तोही लाजत लाजत हसतो. सगळेच मनापासून हसतात असे मात्र नाही.

मुंबईत एकदा विद्यार्थ्यांची अशी एक तुकडी मॅट्रिक झाली, की तिला शेलापागोटी वाटली असती तर मोठी बहार उडाली असती. त्या तुकडीतील एक मुलगा हरसूलच्याच जिल्ह्यात, निफाड येथे जन्मला होता.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. विद्यापीठात पाऊल टाकावयाचे तर आधी प्रवेशपरीक्षा दिली पाहिजे, असा नियम ठरला. हीच मॅट्रिकची परीक्षा. ती प्रथम १८५९ साली घेण्यात आली. सव्वाशेहून अधिक विद्यार्थी बसले आणि उत्तीर्ण झाले जेमतेम वीस-बावीस! परीक्षाच नवी असल्यामुळे उमेदवारांच्या वयाचा मेळ नव्हता. कोणी सतरा वर्षांचा, तर कोणी चांगला बावीस वर्षांचा बाप्या. पूर्वीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहून अभ्यास करावा, तर पूर्वीचे वर्षच नव्हते. एल्फिन्स्टन संस्थेतील चार सहाध्यायी या परीक्षेत यशस्वी झाले, आणि पुढे १८६२ साली त्याच विद्यापीठाचे पहिले बी. ए. म्हणूनही तेच चौघे उत्तीर्ण झाले: रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक, बाळ मंगेश वागळे आणि महादेव गोविंद रानडे.

रामकृष्ण हा मालवणचा. त्याचे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. रत्नागिरीच्या शाळेत इंग्रजी शिकून तो १८५३ साली मुंबईस आला. याला शेलापागोटे कोणते द्यावे? ‘संस्कृतात कच्चा’ हे बेलाशक देता आले असते! पुढे ज्याचे नाव संस्कृतच्या पंडितांत देशोदेशी आदराने घेतले गेले, त्याने त्या भाषेचा कसून अभ्यास आरंभिला तो मुंबईतील शिक्षण आटोपल्यावर, पुण्यात असताना. आणि तोही शिक्षणखात्याचे प्रमुख हॉवर्ड यांनी आग्रह धरल्यामुळे. शास्त्र्यांपुढे बसून त्याने व्याकरण घोटले. स्वतः मोठेपणी शिकल्यामुळे नवशिक्याचे पाऊल कोठे अडते हे त्याला ठाऊक असले पाहिजे. त्याने मुलांसाठी लिहिलेल्या ‘मार्गोपदेशिके’वरून कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या. १९१७ साली, त्याच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले.

वामन मोडक यास ‘जन्माचा मास्तर’ म्हटले असते तर ते खोटे ठरले नसते. तो पुढे एल्फिन्स्टन हायस्कुलाचा मुख्याध्यापक झाला. ज्या संस्थेच्या बाकावर बसून धडे घेतले, तेथेच खुर्चीवर बसून धडे घेण्याची पाळी आली! वागळे वकील झाला आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात उभा राहू लागला. हे दोघे स्वभावाने कसे होते याच्या गोष्टी मागे फारशा उरल्या नाहीत, ही खेदाची गोष्ट. वर्गातील सगळ्यांच्याच आठवणी कोणी लिहून ठेवीत नाही.

महादेवाच्या मात्र पुष्कळ आहेत. घरी त्याला माधव म्हणत. त्याचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा. वडिलांना कोल्हापूर संस्थानात नोकरी मिळाल्यावर सारे कुटुंब बैलगाडीने निघाले. रात्रीची वेळ, रस्ता खाचखळग्यांचा. एका हिसक्यासरशी अडीच वर्षांचा माधव गाडीतून खाली पडला. गाडीतील मंडळी झोपेत. गाडी तशीच पुढे गेली. मागून चुलते घोड्यावरून येत होते. टापांचा आवाज ऐकून पोराने आपणहोऊन हाक मारली, म्हणून तो सापडला. पुढे हाच मुलगा इतका मितभाषी निघाला, की त्या रात्री त्याने तोंड उघडले हेच आश्चर्य वाटावे!

अंगाने स्थूल, बोलण्यात संथ, कपड्यांविषयी बेफिकीर, असा तो होता. सणासुदीला आईने अंगावर दागिने घातले, तर तो ते अंगरख्याच्या बाहीत दडवी. हा मुलगा पुढे काय दिवे लावणार, अशी घरच्यांना काळजी वाटे. त्याच्या खेळाची तऱ्हा तर जगावेगळी होती. सोबतीला कोणी नसले, की तो घरातील खांबाशी सोंगट्या खेळे. उजव्या हाताने खांबाचे दान टाकावयाचे आणि डाव्या हाताने आपले. खांबाला त्याने डावा हात दिला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. डाव रंगे आणि पुष्कळदा खांबच जिंके. पाहणारे हसत, पण माधव आपला पराभव शांतपणे मान्य करी. ‘खांबाकडून हरलेला गडी’, यापेक्षा सरस शेलापागोटे कोणाला सुचणार?

कोल्हापुरात त्याचा एक जिवलग मित्र होता, विनायक जनार्दन कीर्तने. पुढील शिक्षणासाठी मुंबईस जावयाचे दोघांनी मनात घेतले. वडील मंडळी कां कूं करू लागली, ते साहजिकच होते. बोरघाटातून आगगाडी सुरू व्हावयास १८६३ साल उजाडावयाचे होते. अखेरीस परवानगी मिळाली आणि १८५६ साली दोघे मित्र मुंबईस पोचले. विनायकाने १८६१ साली ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहून प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला ‘नाटक्या’ म्हणून चिडविण्याची सोय झाली. मित्राचे नाव माधव आणि नाटकाचा नायकही माधव. सोबत्यांनी यावरून काही कोटी केली असल्यास ती मात्र आज कोणास ठाऊक नाही.

माधवाने मुंबईत वाचनाचा असा सपाटा लावला, की पुढे त्याचे डोळे अधू झाले. संथ बोलणारा हा मुलगा लेखणी हाती घेतली की कोणाची भीड धरीत नसे. कॉलेजात असताना एका निबंधात त्याने इंग्रजी राज्याची मराठ्यांच्या राज्याशी तुलना केली आणि मराठ्यांना अधिक माप दिले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्याला बोलावून घेतले. जे सरकार शिक्षण देते त्याचीच निंदा करणे योग्य नव्हे, अशी कानउघाडणी केली आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद ठेवली. शिष्यवृत्ती हाच गरजू विद्यार्थ्याचा आधार असतो. तरीही ग्रँट यांच्या विद्वत्तेविषयी त्याच्या मनात जो आदर होता, तो अखेरपर्यंत तसाच राहिला.

१८९३ साल उजाडले. ज्या विद्यापीठाच्या दाराशी हे सोबती पहिली परीक्षा देण्यासाठी उभे राहिले होते, त्याच विद्यापीठाचे कुलगुरुपद डॉक्टर भांडारकरांकडे आले. त्याच वर्षी खांबाकडून हरलेला गडी मुंबईच्या उच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. न्यायासनावर बसून त्याला आता रोज दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकावयाचे होते.