लेकराचा कैवार



योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला ‘कैवारी’ म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जवळ बोलावलेला’, म्हणजे बाजूला उभा राहून आपल्या वतीने बोलणारा. आजारी लेकराला असा कैवारी लागतो. ‘दुखते’ एवढेच ते सांगू शकते, पुढचे सर्व आईबापांनाच बोलावे लागते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात हे सिकलसेलच्या बाबतीत फार खरे आहे.

रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचीक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे प्राणवायू पोहोचत नाही आणि असह्य कळ उठते. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 साली या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष आढळला. पूर्व विदर्भात तो आदिवासी, अनुसूचित जाती, इतर मागास अशा अनेक समाजांत आहे.

कैवाराची सुरुवात घरातूनच करावी लागते. मूल आजारी निघाले की बोट सुनेकडे जाते: ‘तिच्या माहेरचे रक्तच असे.’ हा शुद्ध अन्याय आहे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा दोष दोन्हीकडून आला तरच मूल रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ते वाहक असते आणि सहसा निरोगी राहते. आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता शंभरात 25, वाहक असण्याची 50 आणि पूर्ण निर्दोष असण्याची 25. पहिले आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. तो दर वेळी नव्याने होतो.

सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचे हातपाय अचानक सुजले, ते किंचाळून रडू लागले, तर नजर लागली म्हणून उतरवत बसू नये. सिकलसेलची पहिली खूण पुष्कळदा हीच असते. मुलाला ताप चढला तर सकाळची वाट पाहू नये. या मुलांची पाणथरी लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे साधा वाटणारा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. धाप लागणे, छातीत दुखणे, पोट एकाएकी फुगणे, चेहरा पांढरा पडणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, यांतले काहीही दिसले तरी तडक दवाखाना गाठावा. तिथे पहिले वाक्य हेच असावे: ‘डॉक्टरसाहेब, याला सिकलसेल आहे.’ कार्ड आणि जुने कागद प्लास्टिकच्या पिशवीत दाराजवळ टांगून ठेवावेत. गर्दीत कोणी ऐकले नाही तर पुन्हा सांगावे. कनानी आईने मुलीसाठी प्रभूपुढेही माघार घेतली नाही. आपण नर्सताईंपुढे का लाजावे?

डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया सुरू केले असेल तर ते रोज द्यावे आणि सांगितलेल्या तारखेला रक्त तपासून घ्यावे. कळ थांबली म्हणून गोळी बंद करणे हीच घरोघरची चूक. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात लोह साठते, म्हणून लोहाची गोळी विचारूनच द्यावी. भरपूर पाणी पाजावे. रोवण्याच्या दिवसांत मनुष्यबळ कमी पडते हे आम्हांला ठाऊक आहे, पण अशा मुलाला दिवसभर बांधीच्या गार चिखलात उभे करू नये. तलावात तासन्‌तास पोहणेही नको. थंडी आणि अतिश्रम यांनी कळ उठते.

शाळेत गुरुजींना स्वतः भेटून सांगावे, की वर्गात पाण्याची बाटली आणि लघवीला जाण्याची मोकळीक हे लाड नव्हेत, आणि गैरहजेरी हा आळस नव्हे. 2016 च्या कायद्याने सिकलसेलचा दिव्यांगत्वाच्या यादीत समावेश झाला आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेतील जादा वेळ व एस.टी. प्रवासाची सवलत यांसाठी कोणते प्रमाणपत्र लागते ते जिल्हा रुग्णालयात विचारावे. न मागता घरी काही येत नाही.

तपासणीची पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पण त्या चाचणीवरून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही, लहान बाळात तर ती फसवते. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ ऐकून घाबरू नये किंवा घरीही बसू नये. पुढची पक्की तपासणी मागून घ्यावी. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी ठरवण्यात आली. अंगणवाडीत पथक आले की ‘आमचे लेकरू चांगले आहे’ म्हणून त्याला घरी ठेवू नये.

विवाहाची तयारी करणाऱ्या तरुणांना एक विनंती. विवाहाच्या घोषणेसाठी नावे देण्यापूर्वी दोघांनी रक्त तपासून घ्यावे. दोघे वाहक निघाले तर लग्न मोडा, असे आम्ही सांगणार नाही. ख्रिस्तसभेच्या नियमांत ही अडचण नाही. मात्र त्यांना आधी ठाऊक असेल तर बाळाची योग्य तपासणी जन्मल्यावर लगेच होईल, आणि पहिला ताप येण्याआधीच डॉक्टरांची ओळख झालेली असेल.