दारूच्या व्यसनाची जनुक-चाचणी आपल्याला लागू पडते का?

प्रश्न : माझ्या वडिलांना दारूचे व्यसन होते. लाळ तपासून व्यसनाचा धोका सांगणारी परदेशी चाचणी मुलासाठी करावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : माझे मत, करू नये. व्यसनाकडे असलेल्या कलात आनुवंशिकतेचा वाटा जवळपास निम्मा असतो, असे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसते. पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे आणि त्यांची रूपे सगळ्या मानवसमूहांत सारखी नसतात.

प्यायलेल्या दारूचे यकृतात आधी असिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनते. एएलडीएच२ हे विकर मग त्याचा निचरा करते. जपान, चीन, कोरियातील बऱ्याच लोकांत हे विकर जन्मतःच दुबळे असते. दोन घोटांतच चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. त्यामुळे त्यांच्यात व्यसन कमी जडते. युरोपीय आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत हा बदल जवळजवळ आढळतच नाही. दारूचे असिटाल्डिहाइड बनवण्याच्या पहिल्या टप्प्याशी निगडित एडीएच१बी या जनुकाबाबत २०१८ सालच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात युरोपीय वंशाच्या लोकांत एक रूप महत्त्वाचे ठरले, तर आफ्रिकी वंशाच्या लोकांत दुसरेच. फक्त युरोपीयांना तपासले असते, तर हे दुसरे रूप निसटले असते.

सरसकट सगळ्यांना एकत्र मोजूनही चालत नाही. दोन समाजांची जनुके वेगळी आणि पिण्याच्या रीतीही वेगळ्या, म्हणून दारूशी काडीचा संबंध नसलेले जनुकही दोषी दिसू लागते. यासाठी संशोधक प्रत्येक वंशगट स्वतंत्र तपासतात आणि नंतर निष्कर्ष ताडून पाहतात.

अडचण अशी की, २०१९ च्या एका आढाव्यानुसार जनुकीय अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावरून काढलेले उंची, वजन, रक्तघटक अशा गुणांचे अंदाज दक्षिण आशियाई लोकांत सरासरी १.६ पट, तर आफ्रिकी लोकांत ४.५ पट कमी अचूक ठरले. ‘जीनोम इंडिया’ या प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले, ही मोलाची सुरुवात आहे. पण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने झाल्याने ‘भारतीय’ हा एकच गट धरणेही अपुरे आहे. व्यसनावरच्या संशोधनात आपल्या सर्व समाजांना जागा मिळायलाच हवी.

तोवर आजोबांचे व्यसन मुलापासून लपवू नका. त्याने दारूपासून दूर राहणेच उत्तम. घरात कोणाला मदत हवी असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर निःसंकोच फोन करा.