भाकरी चालते, पाण्याने मात्र ठसका

प्रश्न : सासऱ्यांचे वय ७८. अर्धांगवायूतून सावरले आहेत. मऊ भाकरी नीट खातात, पण पाणी पिताना ठसका लागतो. असे का?

उत्तर : पाणी घशात वेगाने उतरते. अर्धांगवायूनंतर श्वासनलिकेचे झाकण मिटायला क्षणभर उशीर झाला, तरी पाणी आत शिरते. त्यांना आडवे-तिरके टेकवून पाजू नका. खुर्चीत ताठ बसवा, हनुवटी वर जाऊ देऊ नका, एकेक लहान घोट द्या. ‘घ्या पटकन’ म्हणणाऱ्या माणसाने तर भरवूच नये! टीव्ही बंद ठेवा, कवळी घट्ट बसते का पाहा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नका.

दूध-पोहे, पातळ आमटीतला मोकळा भात असे पदार्थ फसवे असतात. घन चावून होईपर्यंत पातळ भाग घशात उतरतो. शेंगदाणे, कोरडा चिवडा टाळा. पाणी दाट करून द्यायचे का, हे मात्र गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टला ठरवू द्या. जेवणानंतर आवाज घरघरीत होत असेल, वारंवार ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर थेरपिस्टची भेट लांबवू नका. ठसका न लागताही अन्न फुप्फुसात जाऊ शकते.

घास अडकला आणि खोकता येत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटेना, तर कुणाला तरी १०८ लावायला सांगा. त्यांना पुढे वाकवून पाठीवर खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध तळहाताने ५ जोरदार थापा, मग मागून बेंबीच्या वर मूठ धरून ५ वेळा आत-वर दाब, असे आलटून पालटून करा. पाणी पाजू नका, घशात आंधळेपणाने बोट घालू नका.