घरातला रिमोट फोनवरून जोतिबावरची गाडी उघडेल का?

प्रश्न : रविवारी आम्ही सगळे जोतिबाला गेलो होतो. दर्शन आटोपून गाडीपाशी आलो तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत गुलाल. मी रिमोटनं लॉक काढलं, डिकीत नारळ-खोबऱ्याची पिशवी टाकली आणि अंगावरचा गुलाल झटकायला हात मोकळे हवेत म्हणून चावीही तिथंच ठेवली. डिकी आपटली. जरा वेळानं टक् असा आवाज झाला आणि चारी दारं बंद! चपला गाडीत, पाकिटं गाडीत, भर दुपारी डांबर तापलेलं. सगळं कुटुंब नाचत नाचत सावलीला पळालं. शेजारच्या गाडीवाल्यानं सल्ला दिला, "भावा, घरात दुसरी चावी असंल तर फोनवर रिमोट दाबायला सांग, उघडतंय." फोन एकट्या मेव्हण्याच्या खिशात होता. घरी आई. ती फोनपाशी रिमोट धरून बटण दाबायची आणि ओरडून विचारायची, "उघडलं काय रं?" इकडं मेव्हणा फोन दाराच्या हँडलला चिकटवून उभा आणि भोवती ही गर्दी. गाडी ढिम्म. शेवटी पुतण्या मोटरसायकलवरून चावी घेऊन आला. हा उपाय कधी चालतो का? आणि गाडी आपली आपण बंद झालीच कशी?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही, हा उपाय चालत नाही. ईमेलच्या काळापासून फिरत आलेली ही समजूत आहे आणि ती पटते, कारण फोनही बिनतारी आणि रिमोटही बिनतारी. पण तुमच्या आईंनी बटण दाबलं तेव्हा फोननं ऐकलं ते बटणाचं कट् एवढंच. गाडीसाठीचा खरा संदेश रेडिओलहरींतून जातो. त्याला आवाज नसतो, त्यामुळे फोनच्या माइकला तो कळतच नाही. फोन पोचवतो तो आवाज, फार तर सेकंदाला काही हजार कंपनांचा. बहुतेक रिमोट 433 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, म्हणजे सेकंदाला 43 कोटींहून जास्त कंपनं. शिवाय नाण्याएवढ्या 3 व्होल्टच्या सेलवर चालणाऱ्या या यंत्राचा पल्ला काही मीटरांचा. कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगरावर पोचणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

समजा, तो संदेश कसाबसा टिपून वर पाठवता आला असता, तर गाडीनं तो स्वीकारलाही असता, पण एकदाच. रिमोट आणि गाडी दोघांकडे एक चालता आकडा असतो. प्रत्येक वेळी बटण दाबलं की तो पुढं सरकतो आणि त्यावरून नवा सांकेतिक संदेश तयार होतो. एकदा वापरलेला संदेश गाडी पुन्हा स्वीकारत नाही. चोरानं लपून संदेश टिपला तरी त्याचा उपयोग होऊ नये म्हणून ही रचना. मला ही फार सुंदर युक्ती वाटते, कारण यात दोघांनी दर वेळी एकमेकांशी काही ठरवावं लागत नाही, सुरुवातीलाच दोघांना दिलेला गुप्त आकडा सारखा आणि मोजणी जुळलेली असली की झालं. लहान मुलं घरात खेळता खेळता शेकडो वेळा बटण दाबतात तेव्हा हीच मोजणी गाडीच्या फार पुढं निघून जाते, आणि मग रिमोट गाडीशी पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

फोनवरून उघडणाऱ्या गाड्या मात्र आता आल्या आहेत. त्यांच्या आत सिमकार्ड असतं. ॲपमधून दिलेला हुकूम इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला आणि तिथून गाडीला जातो. तिथं रिमोट लागतच नाही, फक्त गाडी उभी आहे तिथं नेटवर्क हवं.

आता तुमच्या गाडीकडे. रिमोटनं लॉक काढलं आणि साधारण तीस सेकंदांत दार उघडलं नाही, तर पुष्कळ गाड्या पुन्हा लॉक होतात. खिशात चुकून बटण दाबलं गेलं तर गाडी रस्त्यावर उघडी राहू नये, हा हेतू. काही गाड्यांत डिकी उघडणं हे दार उघडण्यात धरत नाहीत. तुम्ही डिकीच उघडलीत, दारांना हात लावला नाहीत, म्हणून गाडीनं घड्याळाप्रमाणं काम केलं. साध्या रिमोटच्या गाडीला चावी कुठं आहे हे कळायला मार्ग नसतो. स्मार्ट चावीच्या गाड्या आतल्या अँटेनांनी चावीला हाक मारतात. उत्तर आतून आलं तर सहसा लॉक होत नाहीत, ओरडतात. तरी सेल उतरलेला असला किंवा चावी डिकीच्या कोपऱ्यात पडली, तर त्याही फसू शकतात.

गर्दीतल्या कुणी स्टीलची पट्टी मागितली नसेल तर नवल. मारुती 800च्या जमान्यात काचेच्या रबरातून पट्टी सारून आतली लॉकची सळई खेचली की काम व्हायचं. आजच्या दारांत अनेकदा सळईऐवजी केबल असते, लॉकवर आवरण असतं आणि वायरिंगही तिथूनच गेलेलं. पट्टीनं दार उघडण्याऐवजी नुकसानच होण्याची भीती जास्त. जाणकार चावीवाले दाराच्या फटीत रबरी पिशवी घालून हवा भरतात, फट बोटभर वाढली की लांब सळईनं आतलं बटण दाबतात. ते काम त्यांच्यावरच सोडावं.

एका प्रसंगात मात्र कुणाचीच वाट बघू नका. आत लहान मूल अडकलं असेल आणि ऊन असेल तर 112 ला फोन लावा आणि मूल घाबरंघुबरं, घामाघूम किंवा मलूल दिसलं तर काच फोडा. बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांच्या आसपास चढू शकतं. पुढची काच फोडत बसू नका, तिच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. मुलापासून लांबची बाजूची काच निवडा आणि मध्यावर न मारता कोपऱ्यावर टोकदार वस्तूनं मारा. बाजूच्या काचेचे बहुधा बारीक तुकडे होतात.

तुमच्या गाडीचा स्वभाव घरासमोरच तपासता येईल. ड्रायव्हरची काच पूर्ण खाली करा, गाडी लॉक करून रिमोटनं उघडा आणि एकही दार न उघडता टक् वाजेपर्यंत सेकंद मोजा. मग हेच नुसती डिकी उघडून पुन्हा करा, चावी हातात धरून.